आयडी फॅनचं बेअरिंग सारखं जातंय? नवं बसवण्याआधी जुनं ग्रीस बघा

पाच महिन्यांत चार बेअरिंगं. पाडव्याच्या आठवड्यात पहिलं गेलं, गणपती बसायच्या आधी चौथं. इचलकरंजीतलं एक सायझिंग, त्याच्या बॉयलरचा आयडी फॅन, आणि दर वेळी फॅनच्या बाजूचंच बेअरिंग. पुलीच्या बाजूचं मात्र फॅन बसवला तेव्हापासूनचं, अजून तेच. मालकांनी मला फोनवर एवढंच सांगितलं, "येताना चांगलं ओरिजिनल बेअरिंग घेऊन या. इथं सगळं डुप्लिकेट येतंय."

बाजारात डुप्लिकेट बेअरिंगं येतात, यात खोटं काही नाही. पण चार बेअरिंगं दोन वेगवेगळ्या दुकानांतून आलेली, आणि चारही साधारण दीड महिना चालून एकाच पद्धतीनं गेलेली. अशा वेळी बेअरिंगच्या खोक्यावरचा शिक्का बघत बसण्यात अर्थ नसतो. मी बेअरिंग घेऊन गेलो, पण त्याचं प्लास्टिक तिसऱ्या दिवशी फोडलं. पहिले दोन दिवस काय केलं ते सांगतो, कारण हाच प्रश्न मला भट्टीवाले, राइस मिलवाले, साखर कारखान्यातले फिटर असे सगळेच विचारतात.

ज्यांना सायझिंग ठाऊक नाही त्यांच्यासाठी: मागावर चढवण्याआधी ताण्याच्या सुताला खळ लावतात आणि वाफेनं तापलेल्या सिलिंडरवरून ते वाळवतात. वाफ बॉयलरची. बॉयलरमधला धूर ओढून चिमणीत ढकलतो तो आयडी (इंड्यूस्ड ड्राफ्ट) फॅन. फॅन थांबला की आग मंदावते, वाफ पडते, आणि खळ लावलेलं सूत ओलंच सिलिंडरवर अडकतं. म्हणजे एका बेअरिंगचं नुकसान बेअरिंगपुरतं राहत नाही.

फॅनचा शाफ्ट ६० मिलिमीटरचा. दोन्ही बाजूंना एसएन ५१३ पलमर ब्लॉक (बेअरिंगचं बिडाचं घर), आत २२२१३ के सी३ रोलर बेअरिंग, निमुळत्या स्लीव्हवर बसवलेलं. व्ही-बेल्टवर साधारण १४५० फेरे.

गळतंय म्हणून मारतोय

गेलो तेव्हा चौथं बेअरिंग अजून कसंबसं फिरत होतं. फॅनच्या बाजूच्या ब्लॉकखाली, चॅनेलवर, ग्रीस गळून त्यावर राख बसून वीटभर काळा गोळा झालेला. फेल्टच्या पट्टीतून, म्हणजे शाफ्टभोवतीच्या सीलमधून, अजून गळत होतं. शेजारी फायरमन मामा ग्रीस गन घेऊन उभे.

"मामा, रोज किती मारता?"

"सकाळी धा पंप. हिकडं धा, तिकडं धा. पाळी सोडत न्हाई कवा."

"एवढं कशाला?"

"गळतंय की ओ, म्हणून तर मारतोय."

यात मामांची चूक नाही. त्यांना कुणी तरी सांगितलं होतं, बेअरिंग गरम झालं की ग्रीस मार. कुणी ते आकड्यात सांगितलं नव्हतं. मी त्यांच्याच गननं एका जुन्या वर्तमानपत्रावर दहा पंप मारले आणि खळ मोजायच्या काट्यावर ठेवले. कागद वजा करून १२ ग्रॅम. म्हणजे एका पंपाला १.२ ग्रॅम. तुमच्या गनचा आकडा वेगळा निघेल. एकीचा अर्धा ग्रॅम येतो तर दुसरीचा दोन-अडीच, म्हणून "पाच पंप मारा" या सल्ल्याला गन तोलल्याशिवाय काही किंमत नाही.

आता बेअरिंगला पुन्हा भरताना किती लागतं? बेअरिंगचा बाहेरचा व्यास गुणिले रुंदी, दोन्ही मिलिमीटरमध्ये, गुणिले ०.००५. उत्तर ग्रॅममध्ये. २२२१३ चा व्यास १२०, रुंदी ३१. १२० × ३१ × ०.००५ = १८.६ ग्रॅम. या गनचे १५ पंप, आणि तेही काही आठवड्यांतून एकदा. मामांचे रोजचे दहा पंप तीन आठवडे धरले तर २५२ ग्रॅम होतात. जवळजवळ साडेतेरा पट.

ब्लॉकमध्ये ग्रीस ठासून भरलं की रोलरना ते सतत घुसळावं लागतं. ताक घुसळताना हाताला जो जोर लागतो, तो इथं मोटर लावते, आणि त्याची उष्णता होते. उष्णतेनं ग्रीस पातळ होतं, पातळ झालं की गळतं, गळलं की आपण आणखी मारतो. बेअरिंग पूर्ण भरायचं, पण ब्लॉकमधली मोकळी जागा तिसरा हिस्सा ते फार तर अर्धी. उरलेली जागा रिकामी हवी, कारण फिरताना बाजूला सारलेलं ग्रीस तिथंच जाऊन बसतं. अगदी हळू फिरणाऱ्या, धुळीत चालणाऱ्या बेअरिंगला हा नियम नाही. तिथं ठासून भरलं तर उलट धूळ बाहेर राहते.

एवढ्यावर थांबलो असतो, "मामा, कमी मारा" म्हणून निघून आलो असतो, तरी पाचवं बेअरिंग गेलंच असतं. पुलीच्या बाजूलाही रोज दहाच पंप होते ना? मग ते का टिकलं?

दोन बाजू, दोन तापमानं

टेंपरेचर गन लावली. पुलीच्या बाजूच्या ब्लॉकची टोपी ५८ अंश, फॅनच्या बाजूची ९६. (गन चकचकीत धातूवर धरू नका, खूप कमी दाखवते. काळ्या इन्सुलेशन टेपचा रुपयाएवढा तुकडा चिकटवा, टेप तापू द्या आणि त्यावर रोखा.) टोपी ९६ म्हणजे आतली इनर रेस (बेअरिंगची शाफ्टकडची कडी) त्याहून गरम, शंभराच्या वर सहज.

आयडी फॅनमधून गरम धूर जातो. ती उष्णता शाफ्टमधून चालत बेअरिंगपर्यंत येते. म्हणून केसिंग आणि बेअरिंगच्या मधे शाफ्टवर अॅल्युमिनियमची पंखांची चकती बसवलेली असते, कूलिंग डिस्क. शाफ्टबरोबर फिरते आणि उष्णता हवेत टाकते. इथं शाफ्टवर चकतीच्या जागी नुसता गंजाचा पट्टा होता.

मामांना विचारलं. फेब्रुवारीत शाफ्ट झिजला म्हणून लेथवर नवा करून आणला, तेव्हा ती दोन तुकड्यांची चकती काढली होती. बसवायची राहिली. एक तुकडा भंगाराच्या ढिगात सापडला. दुसरा शोधायला अर्धा तास गेला. तो बॉयलर हाउसमधल्या पिण्याच्या पाण्याच्या पिंपाखाली टेकू म्हणून बसला होता.

शाफ्ट फेब्रुवारीत, पहिलं बेअरिंग पाडव्याला. तारखा जुळल्या. पण नुसत्या उष्णतेनं दीड महिन्यात बेअरिंग जाऊ नये. चांगलं ग्रीस ९५ अंशांवर लवकर म्हातारं होतं, पण इतकं पातळ होऊन वाहत नाही. म्हणून टोपी उघडली.

टोपी उघडल्यावर पहिली पाच मिनिटं

इथं बहुतेक जण डिझेलचा डबा आणि चिंधी घेऊन सगळं धुऊन टाकतात. तसं करू नका. जुनं ग्रीस हाच पुरावा. रोलरच्या मधलं, तळातलं आणि फेल्टजवळचं असं तीन ठिकाणचं चमचाभर ग्रीस वेगवेगळ्या कागदावर घ्या. उजेडात न्या, बोटांत चोळा, वास घ्या.

काळं आणि चमचम करणारं असेल तर धातू झिजतोय. कागदाखालून लोहचुंबक फिरवा, चमक सरकली तर पोलादाचा चुरा. पिवळट चमक असून ती चुंबकाला दाद देत नसेल तर पितळी केज (रोलर धरणारी चौकट) खाल्ला जातोय. दुधाळ, पांढरट असेल तर पाणी शिरलंय. खात्री करायची तर वाटाण्याएवढं ग्रीस पत्र्यावर ठेवून खालून लायटर धरा, फोडणीत पाण्याचा थेंब पडावा तसं तडतडलं तर पाणी आहेच. तपकिरी, कडक, डांबरासारखं आणि करपट वासाचं असेल तर ग्रीस जळालंय. दाताखाली खडा यावा तसं बोटांत कचकचलं तर राख-धूळ आत जातेय, सील बघा. आणि रंग फारसा न बदलता नुसतं पातळ, पळीवाढं झालं असेल तर तीनच शक्यता माझ्या अनुभवात येतात: धुतल्यावर आत डिझेल-रॉकेल राहिलं, ग्रीस घुसळून मेलं, किंवा दोन न जमणारी ग्रीसं एकत्र आली.

आमच्या ब्लॉकमधे तळाला पळीवाढं, आमसुलाच्या सारासारखं ओघळणारं. रोलरवर मात्र तपकिरी कडक पापुद्रे, नखानं खरवडावे लागतील असे. एकाच ब्लॉकमध्ये दोन टोकं. बाहेर वाहून जाणारं तेल आणि आत उरणारा गाळ.

ग्रीस म्हणजे नेमकं काय

हे कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही, म्हणून थोडं थांबू. ग्रीस म्हणजे घट्ट केलेलं तेल. बहुतेक ग्रीसमध्ये ७० ते ९५ टक्के साधं वंगणतेलच असतं. ते धरून ठेवायला ५ ते ३० टक्के घट्ट करणारा पदार्थ, आणि वर गंज, झीज वगैरेंसाठी थोडी औषधं. दही डोळ्यांसमोर आणा. दुधाचं पाणी कुठं गेलेलं नसतं, दह्याच्या जाळीनं ते धरून ठेवलेलं असतं, आणि चमचा घातला की खड्ड्यात पाणी सुटतं. ग्रीसचंही तसंच. बेअरिंगला वंगण देतं ते जाळीतून थोडं थोडं सुटणारं तेल. म्हणून नव्या डब्यात खड्ड्यात थोडं तेल साचलेलं दिसलं तर ग्रीस खराब आहे म्हणून दुकानदाराशी भांडू नका. ते परत कालवून घ्या. वर बोटभर तेल आणि खाली कोरडा गोळा असेल तर मात्र भांडा.

सगळा खेळ त्या जाळीचा. जाळी कशाची आहे त्यावरून ग्रीसचं कूळ ठरतं.

कॅल्शियमचं साधं ग्रीस, जुनं चासिस ग्रीस: पाण्याला चांगलं, पण त्याची जाळीच थोड्या पाण्यावर उभी असते. ताप वाढला की ते पाणी उडतं आणि जाळी कोसळते. साठ-सत्तर अंशांपलीकडे त्याच्यावर भरवसा नको. सोडियमचं: धागेदार, ताप बरा सोसतं, पाण्यात विरघळतं. आता फारसं दिसत नाही. लिथियमचं: आज दुकानात 'एमपी' किंवा 'ईपी-२' म्हणून मागितलं की बहुतेक हेच मिळतं. पाणी आणि ताप दोन्ही बऱ्यापैकी सोसतं, म्हणून सगळीकडे चालतं. याची जाळी एरंडेलापासून काढलेल्या आम्लाची असते, आणि एरंडी पिकवण्यात जगात पहिला नंबर आपल्या देशाचा, त्यातही गुजरातचा. लिथियम कॉम्प्लेक्स हा त्याचाच थोरला भाऊ, ड्रॉप पॉइंट (पहिला थेंब पडतो ते तापमान) २६० अंशांच्या आसपास. कॅल्शियम सल्फोनेट: महाग, पण पाणी आणि ताप दोन्हींत तगडं. पॉलियुरिया: सीलबंद मोटर बेअरिंगमध्ये कारखान्यातूनच भरलेलं येतं. आणि बेंटोन: याची जाळी चक्क मातीची असते, खास प्रक्रिया केलेली चिकणमाती. ती वितळत नाही म्हणून डब्यावर 'नो ड्रॉप पॉइंट' लिहितात.

हे शेवटचं लक्षात ठेवा.

दोन डबे, एक गन

स्टोअरमध्ये दोन डबे होते. एक पिवळट, साधं लिथियम ईपी-२, पहिल्यापासूनचं. दुसरा डबा एप्रिलमधला, तांबूस, 'हाय टेंपरेचर, नो ड्रॉप पॉइंट'. पहिलं बेअरिंग गेल्यावर दुकानदारानं दिलेला. त्यानं विचारलं असेल कुठं लावायचंय, यांनी सांगितलं असेल बॉयलरजवळ, आणि त्यानं सगळ्यात महाग डबा पुढं केला. बेंटोन. गन एकच. जो डबा जवळ असेल त्यातून ती भरायची. ब्लॉक कधी धुतला नव्हता, बेअरिंग बदललं तरी खालचं ग्रीस तसंच.

लिथियम आणि बेंटोन एकमेकांत जमत नाहीत. दोन्ही आपापल्या जागी चांगली, पण एकत्र आली की जाळी सुटते. हे मालकांना नुसतं सांगून पटलं नसतं. डब्याच्या स्टीलच्या झाकणावर मी तीन गोळे ठेवले, सुपारीएवढे. एक पिवळं, एक तांबूस, तिसरा निम्मं-निम्मं पट्टीनं पाच मिनिटं घोटलेला. झाकण वाफेच्या पाइपवर, जिथं इन्सुलेशन थोडं उघडं पडलं होतं तिथं, तिरकं टेकवून ठेवलं. सकाळी पहिले दोन गोळे जागेवर, कडेला थोडं तेल सुटलेलं. तिसरा घसरत झाकणाच्या काठापर्यंत आलेला आणि काठावरून खाली एक लांब थेंब. मालक बराच वेळ तो थेंब बघत उभे राहिले. हा काही प्रयोगशाळेतला प्रयोग नाही, आणि इथं फरक दिसला नाही म्हणजे दोन ग्रीसं जमतातच असंही नाही. पण फरक दिसला तर मात्र प्रश्नच मिटतो.

आता साखळी बघा. चकती गेली, बेअरिंग तापलं. तापलं म्हणून महाग ग्रीस आणलं. ते जुन्यावर मारलं, दोन्ही मिळून पातळ झालं. पातळ होऊन गळलं म्हणून रोज दहा पंप. घुसळण वाढली, ताप आणखी वाढला. पुलीच्या बाजूलाही दोन्ही ग्रीसं गेली होती आणि तिथंही थोडं गळत होतंच, पण ५८ अंशांवर ते निभावलं. फॅनच्या बाजूला निभावलं नाही.

'नो ड्रॉप पॉइंट'बद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण हा शब्द विकला फार जातो. ड्रॉप पॉइंट म्हणजे जाळी सुटून पहिला थेंब पडतो ते तापमान. साध्या लिथियमचा १८० ते २०० च्या मधे असतो. म्हणून ते १८० पर्यंत चालतं असं नाही. आतलं खनिज तेल त्याच्या बरंच आधी खराब व्हायला लागतं. साधं लिथियम कायम १२० च्या पुढं नेऊ नये. बेंटोनची जाळी वितळत नाही, पण तिच्यातलं तेल तर तेलच आहे. वारंवार ताजं ग्रीस दिलं नाही तर तेल उडून जातं आणि माती उरते. रोलरवरचे ते तपकिरी पापुद्रे म्हणजे हीच. भट्टीच्या ट्रॉलीची चाकं, हळू फिरणारी दारं, अशा ठिकाणी बेंटोन उत्तम. १४५० फेऱ्यांच्या फॅनला त्याचं काही काम नव्हतं.

काय केलं, क्रमानं

मेन स्विच बंद, फ्यूज काढून खिशात, बेल्ट उतरवले. दोन्ही ब्लॉक उघडून आतलं सगळं ग्रीस लाकडी पट्टीनं काढलं, मग धुतलं, मग कोरड्या कपड्यानं पुसून हवा मारून पूर्ण वाळवलं. घाईत हे वाळवणंच राहतं आणि डिझेल नव्या ग्रीसला पातळ करतं. पुलीच्या बाजूचं जुनं बेअरिंग धुऊन, रेसवर नख फिरवून बघितलं. गुळगुळीत, आवाज नाही, तेच परत बसवलं. निप्पल (ग्रीस मारायचं तोंड) आणि नळी रिकामी करायला विसरू नका. नळीत बोटभर जुनं ग्रीस असतं आणि पहिल्या पंपाला तेच आत जातं. गनही पूर्ण उघडून धुतली.

नवं बेअरिंग धुतलं नाही. त्यावरचं कारखान्याचं पातळ तेल गंजापासून राखायचं असतं, बहुतेक ग्रीसशी ते जमतं. उगाच डिझेलमध्ये बुडवलं तर उलट गाळ आत जातो. स्लीव्हवर चढवताना चेकनट किती आवळायचा हे फिलर गेजनं (पातळ पात्यांच्या मापानं) प्ले, म्हणजे रोलर आणि रेसमधली फट, मोजत ठरवलं. हातोडा-छिन्नीनं "बसला आता" म्हणेपर्यंत आवळणारे फिटर मी रोज बघतो, आणि त्या बेअरिंगच्या मरणाचं खापर ग्रीसवर फुटतं. प्ले किती कमी करायचा याचा तक्ता बेअरिंगच्या कॅटलॉगमध्ये असतो.

लोकेटिंग रिंग बघितल्या. दोन ब्लॉकपैकी एकातच बेअरिंग दोन्ही बाजूंनी अडकवायचं, दुसरं सरकायला मोकळं हवं. एक मीटरचा पोलादी शाफ्ट ५० अंश तापला तर अर्ध्या मिलिमीटरहून थोडा जास्तच लांबतो. दोन्हीकडे रिंग टाकल्या तर ती लांबी बेअरिंगच सोसतं. इथं रिंग बरोबर होत्या. इम्पेलरवर (फॅनच्या पात्यांच्या चाकावर) एका बाजूला राख चिकटली होती, ती खरवडली. बेल्ट थोडे जास्त ताणलेले होते, सैल केले. चकतीचे दोन्ही तुकडे पॉलिश पेपरनं घासून जागेवर आवळले.

ग्रीस लिथियम कॉम्प्लेक्स, एनएलजीआय २ (हा घट्टपणाचा नंबर, पुढं सांगतो). बेअरिंग हातानं, रोलरच्या मधून, आरपार भरलं. ब्लॉक अर्ध्याच्या आत. फेल्टच्या पट्ट्या नव्या, गरम तेलात बुडवून. ब्लॉकच्या तळाला जादा ग्रीस बाहेर पडायचं भोक असतं, ते रंगानं बुजलेलं होतं. मोकळं केलं.

फॅन चालू केल्यावर पहिल्या तीन तासांत टोपी ९१ अंशांवर गेली. मालकांचा चेहरा उतरला, मामा गन शोधायला लागले. इथंच हात आवरायचा. नवं ग्रीस पहिले काही तास घुसळलं जातं, मग बाजूला सरून स्वतःची जागा करतं आणि ताप उतरतो. दुसऱ्या दिवशी सकाळी ७४. पुलीच्या बाजूला ५२. चढतच राहिलं असतं, शंभर ओलांडलं असतं, तर थांबवून पुन्हा उघडलं असतं.

आता वेळापत्रक: दर तीन आठवड्यांनी, फॅन चालू असताना, गार्डच्या बाहेर आणलेल्या नळीतून, १५ पंप. सगळे एकदम नाहीत, दोन-तीन मिनिटांच्या अंतरानं तीन हप्त्यांत. तापमान ७० च्या पुढं प्रत्येक १५ अंशांना ग्रीसचं आयुष्य निम्मं धरायचं, हा बेअरिंगवाल्यांचा जुना हिशेब. म्हणजे हाच फॅन चकतीशिवाय १०० वर चालवला असता तर वेळापत्रक चौपट घट्ट करावं लागलं असतं. उभ्या शाफ्टला आणखी निम्मं.

दुकानात काय मागायचं

"चांगलं ग्रीस द्या" म्हणू नका. डब्यावर किंवा माहितीपत्रकावर तीन गोष्टी बघा.

एक, जाळी कशाची. वर सांगितलं.

दोन, घट्टपणा, म्हणजे एनएलजीआय नंबर. ०००, ००, ०, मग १ ते ६. २५ अंशांवर ६० ठोके घोटलेल्या ग्रीसमध्ये ठरावीक वजनाचा शंकू पाच सेकंदांत किती रुततो, ते मिलिमीटरच्या दहाव्या भागात मोजतात. २ नंबर म्हणजे २६५ ते २९५, ३ नंबर म्हणजे २२० ते २५०. घरच्या भाषेत ०० हे कढीसारखं, १ पातळ श्रीखंड, २ जमलेलं श्रीखंड, ३ चक्का. लांब नळीतून सेंट्रल सिस्टीमनं द्यायचं तर ० किंवा १. बहुतेक बेअरिंगला २. घट्टपणाचा आणि तापाचा संबंध नाही. "गरम आहे म्हणून ३ नंबर" हे चूक.

तीन, आतल्या तेलाची जाडी, म्हणजे व्हिस्कॉसिटी, ४० अंशांवरची, सेंटीस्टोकमध्ये. ही कुणी विचारतच नाही, आणि खरं वंगण तर तेच आहे. फॅन, मोटर अशा जलद फिरणाऱ्यांना १०० ते २२० च्या मधलं तेल. रसाच्या चरकाचे, मिलचे रोल असे हळू आणि भारी चालणाऱ्यांना ४६० किंवा वर. उलटं केलं तर फॅन तापतो आणि चरकाचं बेअरिंग घासतं.

रंगावर जाऊ नका. लाल, निळा, हिरवा, तो नुसता रंग. दोन लाल ग्रीसं एकाच कुळातली असतील असं अजिबात नाही, माझ्या पाहण्यातलं एक लाल लिथियम कॉम्प्लेक्स आहे आणि एक लाल बेंटोन.

जे प्रश्न येतीलच

मोटरच्या बेअरिंगला निप्पल आहे, मारू का? आधी पाटीवर किंवा बेअरिंगवर बघा. बेअरिंगच्या नंबरापुढं 'ZZ' किंवा '2Z' लिहिलंय का? तसं असेल तर ते दोन्ही बाजूंनी झाकलेलं असतं, आयुष्यभराचं ग्रीस आतच. वरून मारलेलं मोटरच्या वाइंडिंगवर जाऊन बसतं. उघडं बेअरिंग असेल तर कारखान्याचं ग्रीस पॉलियुरिया आहे का ते कंपनीला विचारा, त्यावर लिथियम मारणं बऱ्याचदा नडतं.

मागाच्या गिअरला हेच चालेल का? उघड्या, हळू गिअरला चिकट ग्राफाइट ग्रीस स्वस्तही आणि बरंही. मात्र तो काळा डबा फॅनच्या बेअरिंगजवळ नेऊ नका. जलद रोलरच्या वाटेत घन कण नकोत.

रोज पाण्याचा फवारा उडतो अशा जागी? कॅल्शियम सल्फोनेट, पैसे असतील तर. नसतील तर लिथियम ईपी-२ आणि पाळी जवळची, म्हणजे ताजं ग्रीस पाण्याला बाहेर ढकलत राहील.

ग्रीस बदलायचंच असेल आणि ब्लॉक उघडता येत नसेल तर? दोन्ही ग्रीसं एकाच कुळातली असतील तर चालू मशीनवर थोडं थोडं नवं देत जुनं बाहेर काढा, पहिले काही दिवस पाळी दुप्पट जवळ. वेगळ्या कुळातली असतील तर मशीन थांबवायची तारीख ठरवा.

सायझिंगमधल्या गनला आता पिवळी टेप गुंडाळलीय आणि डब्यालाही तीच टेप. बॉयलर हाउसच्या भिंतीवर मामांनी कोळशानं '१५' लिहून खाली तारखांच्या रेघा ओढल्यात. अकरा महिने झाले, बेअरिंग तेच आहे. पिण्याच्या पाण्याच्या पिंपाखाली वीट आहे.